चाळीस झाडांचं पाणी

कारंज्याच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी गुलाबने संत्र्याच्या चाळीस झाडांना पोटभर पाणी पाजलं, आणि लग्नाची पंगत वाढून आलेल्या माणसासारखा घाम पुसत तो बांधावर बसला. चेहऱ्यावर पुण्य मावत नव्हतं. तीन आठवड्यांत त्या झाडांना पाण्याचा थेंब मिळालेला नव्हता; कशासाठी, हे गुलाबने कधी विचारलं नव्हतं. पानं पिवळी पडून विड्यासारखी गुंडाळली होती, हात लावला की गळत होती. शाळेच्या पुस्तकात गुलाबने दोन झाडांचं चित्र पाहिलं होतं. एक सुकलेलं, खाली लिहिलेलं 'पाण्याविना झाड'. शेजारी हिरवंगार, 'पाणी मिळालेलं झाड'. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या गुलाबच्या डोक्यात पुस्तकांतलं फारसं काही टिकलं नव्हतं. जे टिकलं त्यात हे चित्र होतं, हेच दुर्दैव.

विहिरीवर प्रेमदास मोट हाकत होता. पाणी वर आणून थारोळ्यात ओतलं की त्याचं काम संपलं. दांडातून ते पुढे कुठे जातं हे पाहणं दांडावरच्या माणसाचं. आणि दांडावर गुलाब होता. सकाळी बाजाराला निघताना म्हातारा माळी डोमाजी त्याला बजावून गेला होता, "पाणी फक्त पन्हेरीले. दांडाचं तोंड दुसरीकडं फिरवू नको." पन्हेरी म्हणजे रोपांचा वाफा. पन्हेरीतली रोपं भिजून पाणी उरलं, उरलेलं पाणी वाया का घालवा, म्हणून गुलाबने फावड्याने दांड फोडला आणि दोन ओळी भिजवल्या. म्हाताऱ्याच्या जिवाचा दगड झाला असेल, आपला अजून व्हायचाय, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी डोमाजी परत आला तो डोक्यावर मिठाची पुरचुंडी आणि हातात नातीसाठी घ्यायच्या ठरवलेल्या, पण भाव ऐकून न घेतलेल्या बांगड्यांची नुसती आठवण घेऊन. कुंपणाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. आधी नाकाला कळलं. तीन आठवडे तापलेल्या मातीवर पाणी पडलं की जो वास सुटतो, तो अख्ख्या बागेत भरला होता.

"काऊन बे," तो हळूच म्हणाला, "आभाळ तं कोरडं हाये."

"मी पाजलं बाबाजी. लई सुकली होती."

डोमाजीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने वाकून पहिल्या झाडाच्या आळ्यातली चिखलाची मूठ घेतली, दाबली, बोटांतून पाणी गळताना पाहिलं आणि तिथेच उकिडवा बसला. मग म्हणाला, "किती?"

"दोन ओळी. चाळीस."

"बरं झालं तुले पाटीभर गणित येत होतं. मोजून तं सांगतलं."

ताण म्हणजे काय, हे गुलाबला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळलं. आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर येणारा, घ्यायचा तर दिवाळीनंतर संत्र्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेलं झालं, पानं गाळू लागलं, आता आपलं काही खरं नाही असं त्याला वाटू लागलं, की ते सगळा जीव फुलांत साठवतं. संक्रांतीनंतर पाणी दिलं की मग पांढरा सडा फुटतो. पण मधेच कुणी दयाळू माणूस आला आणि पाणी पाजून गेला, की झाडाला वाटतं, संकट टळलं. मग ते आरामात नवी पालवी काढत बसतं. तिला इकडे नवती म्हणतात. नवती दिसायला फार सुंदर. तिला फळ येत नाही एवढंच.

"अन् ते कळलं असतं तं तू मॅट्रिक पास झाला असता," डोमाजी म्हणाला. गुलाबला वाटलं, हे मात्र खोटं; मॅट्रिकला ताणावर प्रश्न येत नाही.

गुलाब सिंदी रेल्वे या गावचा. बाप जिनात सरकीच्या गोण्या उचलायचा, आणि त्याच्या मते मुलाच्या पाठीला गोण्या उचलायची सवय लागण्याआधी काहीतरी बरं शिकायला हवं होतं. गुलाबच्या मामाने पुंडलिकरावांकडे शब्द टाकला. पुंडलिकराव म्हणजे या गावचे मालगुजार, सरकारी सारा गोळा करणारे जमीनदार. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत मालगुजार. सरकारने मालगुजारी काढली तेव्हा बाकी सगळं हातून निसटलं आणि तीनशे झाडांची ही बाग, विहीर आणि मधला कौलारू बंगला तेवढा राहिला. पूर्वी बाग ही मालकांची हौस होती. आता ती मालकांचा घास होती, आणि घास असला की माणूस बारकाईने पाहतो.

डोमाजी त्या बागेत झाडांबरोबर आला होता. खरोखरच बरोबर. पुंडलिकरावांच्या वडिलांनी काटोलहून रोपांची बैलगाडी आणवली, तेव्हा रोपं हिंदकळू नयेत म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा डोमाजी गाडीत त्यांना धरून बसला होता. झाडं उतरवली, तो उतरला, आणि झाडं लावली तसा तोही तिथेच लागला. फरक एवढाच की झाडांची यादी झाली होती. बागेच्या कोपऱ्यात त्याची झोपडी. बायको रुख्माबाई तिथेच नांदली, तिथेच गेली. मुलगी कोकिळा कारंज्याला दिली. डोमाजीने झाडांना नावं ठेवली होती: फळ उशिरा देणारं ते 'जावई', वरून गोड दिसणारं पण आंबट ते 'वकील', आणि दरवर्षी फांदी मोडेस्तोवर लगडणारं विहिरीजवळचं ते 'रुख्मी'. गुलाबने पाजलेल्या दोन ओळींत रुख्मी होतं. हे त्याला नंतर प्रेमदासने सांगितलं, आणि सांगताना तो दुसरीकडे पाहत होता.

डोमाजीची एक रीत होती, तिच्यावर गुलाब पहिल्या आठवड्यात खो-खो हसला होता. बाग ताणावर असली की डोमाजी बागेत पाणी पीत नसे. तहान लागली की फाटकाबाहेर जायचा; तिथे बाभळीला त्याचा पाण्याचा तुंबा टांगलेला असे. कुंपणाकडे पाठ करून प्यायचा, मिशी पुसायचा आणि परत यायचा. प्रेमदासलाही तोच नियम, गुलाबलाही.

"झाडाले दिसते का बाबाजी?" गुलाबने विचारलं होतं.

"दिसत नसन. पण ज्याले आपण उपाशी ठेवलं, त्याच्या मोरे बसून ढेकर द्याची का?"

आता, पाणी पाजल्याच्या दुसऱ्या दिवशी, डोमाजीने दोन फावडी काढली. "मुळं उघडी करू. वारा लागला तं वाळन."

चार दिवस तिघं आळी उकरत होते. ओला चिखल बाहेर काढायचा, पसरायचा, उन्हाला लावायचा, आणि मुळांना धक्का लावायचा नाही. गुलाबच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले.

"शाळेत पाणी पाजाचं शिकवते," डोमाजी त्याच्या हातांकडे पाहत म्हणाला, "वाळवाचं नाई शिकवत का लेका?"

पाचव्या दिवशी डोमाजीने फावडी ठेवली. "आता जे हाये ते झाडाच्या मनावर. चाल, पन्हेरीत."

पन्हेरीत जंबेरीचे, म्हणजे रानटी लिंबाचे, खुंट पेन्सिलीएवढे जाड झाले होते. त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा हंगाम होता. डोळा म्हणजे काडीवर पानाच्या बगलेत असलेला कोंब. जंबेरीच्या सालीवर आडवा एक काप, खाली उभा एक. साल दोन्ही बाजूंनी दरवाजासारखी उघडायची. संत्र्याच्या काडीवरून डोळा ढालीच्या आकारात उचलून आत सरकवायचा, आणि केळीच्या सोपाच्या दोरीने गुंडाळायचं. डोळ्याचं टोक तेवढं उघडं. सांगायला अर्धं मिनिट, करायला डोमाजीला त्याहूनही कमी लागायचं, असं प्रेमदास म्हणायचा.

गुलाबने पाहिलं तेव्हा मात्र डोमाजीच्या हातातला चाकू सालीवर टेकण्याआधी थरथरत होता. एकदा टेकला की स्थिर. पण टेकेपर्यंतचं ते अंतर खुंटागणिक थोडं वाढत होतं. तिसऱ्या खुंटाला काप वाकडा गेला. डोमाजीने चाकू पुसला आणि गुलाबकडे दिला.

"तू कर."

"मी?"

"मंग काय मालकाले बोलावू?"

गुलाबने दोन डोळे चिरडले, एक उलटा लावला. उलटा लावलेला पाहून डोमाजी इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि पाणी प्यायला फाटकाबाहेर जावं लागलं. परत आल्यावर तो बांधाला टेकून बसला आणि सहज, कुणी हवेबद्दल बोलावं तसं म्हणाला, "तुले माह्या जागेवरच आणलं हाये. समजलं का?"

गुलाबचा हात थांबला.

"मालकाचे नागपूरचे जावईबापू हायेत ना, प्रभाकरराव. ते म्हणते बुढा काढा, विहिरीवर इंजिन बसवा. दिवाळीले मालक मले म्हणे, डोमा, यंदाचा आंबिया नीट आणून दे, मरेस्तोवर झोपडी तुझी. नाई तं मंग जावई म्हणते तसं. तुले आणलं ते त्याच्यासाठीच. शिकलेला, जवान, हात थरथरत नाई."

"मले हे माहीत नव्हतं बाबाजी."

"तुले ताणही कोठी माहीत होता."

"मंग तुमी मले शिकवता काऊन?"

डोमाजीने सोपाची दोरी दातात धरून तोडली. "खुंटाची काय चूक? डोळा भराचा हंगाम हाये. मी नाई भरला, तुवा नाई भरला, तं पुढच्या साली लावाले रोप कोठून आणतीन?" मग म्हणाला, "पण फुकट नाई शिकवत. माह्या गुरूले मी नारळ देल्लता. आपल्या हातचा पहिला डोळा लागला की शिकवणाऱ्याच्या हातात नारळ. त्यानं फोडाचा, खुंटावर पाणी टाकाचं, खोबरं दोघायनं खायाचं. दहा भर. एकही लागला तं नारळ देजो."

"अन् एकही नाई लागला तं?"

"तं मालक फसले म्हणू."

गुलाबने दहा डोळे भरले. प्रत्येकाशेजारी त्याने एक काडी रोवली, म्हणजे डोमाजीच्या डोळ्यांशी त्याचे मिसळायला नकोत. एकवीस दिवसांनी दोरी सोडायची होती. तो रोज सकाळी त्या दहा काड्यांपाशी जाऊन उभा राहायचा आणि मग विहिरीकडच्या दोन ओळींपाशी. दोन्हीकडे त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

पाणी पाजल्याच्या पंधराव्या दिवशी दोन ओळींवर नवती फुटली. आधी रुख्मीवर. कोवळी, पोपटी, उन्हात चमकणारी. बाकीची दोनशेसाठ झाडं निम्मी उघडीबोडकी, आणि मधेच या चाळीस झाडांची वरात. लांबून पाहिलं तर कुणालाही वाटलं असतं, बाग इथेच तेवढी जिवंत आहे. गुलाबला वाटलं, बैलगाडीभर चादरी आणून ती सगळी झाडं झाकून टाकावी.

"खुडून टाकू का बाबाजी?"

"खुड. उद्या दुप्पट येईन."

सोळाव्या दिवशी पुंडलिकराव बागेत आले. पायांत चढाव, हातात काठी, डोक्यावर काळी टोपी. मालगुजारी असताना ते बागेत यायचे तेव्हा आधी वर्दी यायची. आता नुसतेच यायचे, आणि ते जास्त भीतीचं होतं. विहिरीशी येऊन ते थबकले. काठीने रुख्मीची फांदी वर उचलली.

"हे काय रे डोमा?"

डोमाजी हात जोडून उभा होता. "घुशीनं दांड फोडला मालक. बाजाराच्या दिवशी. पन्हेरीचं पाणी इकडं आलं. आमी चार रोज माती उकरली, पण झाडानं ऐकलं नाई."

"घूस?"

"हो मालक. त्या बांधात बीळ हाये. बुजवलं."

पुंडलिकरावांनी बांधाकडे पाहिलं. बीळ खरंच होतं. घुशींनी ते कधीच करून ठेवलं होतं, आणि डोमाजीने ते दोन दिवसांपूर्वी दगडाने बुजवून वर माती लिंपली होती. गुलाबला आता कळलं, कशासाठी. पुंडलिकरावांच्या कपाळावरची आठी सैल होऊ लागली. घूस ही मालगुजारालाही न जुमानणारी जात. त्यांनी काठी खाली घेतली. एवढ्यावर भागलंच होतं.

पण गुलाबला राहवेना. म्हातारा आपल्यासाठी खोटं बोलतोय, आपण मर्दासारखं पुढे व्हावं, असं त्याला वाटलं. शाळेत खरं बोलण्याचा धडाही होता. आणि दुर्दैवाने तोही त्याच्या लक्षात राहिला होता.

"मालक," तो म्हणाला, "घूस नव्हती. पाणी मी सोडलं. बाबाजीचा काई दोष नाई. ते बाजारात गेलते."

डोमाजीने डोळे मिटले.

पुंडलिकराव गुलाबकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट जरा माया होती. "खरं बोललास. चांगलं आहे. तू नवा आहेस, तुला काय कळणार." मग ते डोमाजीकडे वळले. "ताणावरची बाग या नवशिक्या पोट्ट्याच्या हातात टाकून तू बाजारात गेला होतास?"

"मीठ आणाले गेलतो मालक."

"आणि वर मला घूस दाखवतोस?"

डोमाजीने जोडलेले हात खाली घेतले. घूस चालून गेली असती. म्हातारपण चालून गेलं असतं, थरथरणारा हातही. पण चाळीस वर्षांत मालकांनी त्याला एकदाही खोटं बोलताना पकडलं नव्हतं, आणि आज पकडलं ते गुलाबच्या खरेपणाने.

"मालक, सगळी चूक माझी आहे," गुलाब पुढे सरसावला, भीतीने त्याची बोली शाळेची झाली, "मला काढा हवं तर."

"तुला कशाला काढू? तुला तर ठेवायचंय." ते बंगल्याकडे चालू लागले. जाता जाता म्हणाले, "डोमा, पोरीकडे जा आता. थकलास."

प्रेमदास मोटेवर बैलांना दाणा चारत सगळं ऐकत होता. मालक गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "गुलाब, तुले तोंड देवानं खायालेच देल्लं होतं रे बाप्पा."

डोमाजीचं सामान एका पोत्यात मावलं. झाडांना धरून आलेला माणूस दोन भांडी, एक घोंगडी आणि डोळे भरायचा चाकू घेऊन निघाला. गुलाब पोतं उचलून फाटकापर्यंत गेला. रुख्मीजवळून जाताना डोमाजी थांबला नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

"बाबाजी, मले शिव्या तरी द्या."

"काऊन देऊ? तू झाडावर दया केली, मंग माह्यावर केली. दया करणाऱ्या माणसाले शिव्या देल्या तं पाप लागते." मग तो हसला, आणि त्या हसण्याने गुलाबला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. "संक्रांतीपर्यंत पाणी देऊ नको. कोणी कितीबी सांगो. जावईबापू येवो का देव येवो. अन् एकविसाव्या दिवशी दोऱ्या सोडजो. खालून सोडजो, वरून नाई."

फाटकाबाहेर बाभळीखाली त्याने तुंबा काढला, कुंपणाकडे पाठ केली, पाणी प्यायला. आता तो बागेचा कुणी नव्हता. तरी पाठ केली. तुंबा परत फांदीला टांगला आणि म्हणाला, "ठेव. तुले लागन."

डोळे भरल्यापासून एकविसाव्या दिवशी गुलाबने खालून दोऱ्या सोडल्या. दहापैकी चार डोळे काळे पडले होते. सहा हिरवे होते. नख हळूच टेकवलं तर टणक, जिवंत. त्याने प्रेमदासला हाक मारली. प्रेमदासने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "नारळ लागला तुले."

पुढच्या बाजारी गुलाब कारंज्याला नारळ घेऊन गेला. कोकिळाचं घर सापडायला वेळ लागला नाही. नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला, ट्रकवाले जिथे चहाला थांबायचे त्याच्या मागे. ती दारात सूप पाखडत होती. गुलाबच्या हातातला नारळ पाहून तिने सूप खाली ठेवलं. ती त्याला ओळखत नव्हती, पण नारळाला ओळखत होती.

"तुमीच का ते शिकलेले?"

गुलाबने मान खाली घातली.

"बाबा नाईत. परवा गेले. वरुडकडं कोण्या बागेत माळी पाह्यजे म्हणे. गावाचं नाव मले सांगतलं नाई. म्हणे, ठेवलं तं कळवतो." ती थांबली. "थरथरता हात घेऊन कोण ठेवते त्याईले?"

"मंग हा नारळ तुमी ठेवा ताई. आले की द्या."

"नाई बाप्पा." तिने दोन्ही हात मागे घेतले. "बाबा सांगून गेले. म्हणे, पोट्टा येईन नारळ घेऊन, घेऊ नको. मले त्याच्या हातून घ्यायचा हाये." मग जरा ओशाळून तिने विचारलं, "किती लागले?"

"सहा."

"सांगीन मी."

तिने त्याला चहा दिला. पेला हातात देताना म्हणाली, "घरात पाणी पेत नव्हते इथं. रस्त्यावर जाऊन पेत होते. म्या म्हटलं, बाबा, इथं कोठी हाये बाग? तं म्हणे, संक्रांत व्हायची हाये."

संक्रांत झाली. गुलाबने ताण तोडला, कुणाला न विचारता, डोमाजीने सांगितलेल्या दिवशी. माघात दोनशेसाठ झाडांवर पांढरा सडा पडला. वास बंगल्याच्या पडवीपर्यंत जाई. चाळीस झाडं हिरवीगार आणि वांझ उभी होती. पुंडलिकराव बागेतून फिरले आणि खूश झाले.

"चाळीस गेली तर गेली. बाकी बहार झकास आहे. एवढं काही बिघडलं नाही."

गुलाब पुढे झाला. "मंग मालक, डोमाजीबाबाले परत बोलवावं का? ताण त्याईनंच सांभाळला होता."

पुंडलिकराव जरा विचारात पडल्यासारखे दिसले. मग म्हणाले, "आता कशाला? तू आहेस ना." आणि काठीने एक फूल नाकाजवळ ओढून ते पुढे गेले.

गुलाब आता डोमाजीच्या झोपडीत राहतो. वरुडकडून काही निरोप नाही. कोकिळाकडे तो दोनदा जाऊन आला, तिलाही नाही. सहा खुंटांवरचे डोळे फुटून वीतभर झाले आहेत. नारळ कोनाड्यात आहे. परवा त्याने तो उचलून कानाशी हलवला. आधी आत पाणी वाजायचं, आता खोबरं सुटून नुसतं खडखडलं. त्याने तो परत कोनाड्यात ठेवला, शेंडी पुढे करून, आणि तहान लागली म्हणून फाटकाबाहेर गेला. बाग आता ताणावर नव्हती. पण तुंबा तिथेच टांगलेला होता.